डायसर-१ जनुक आणि कर्करोग

डायसर-१ हे माणसाच्या १४व्या गुणसूत्रावरील जनुक आहे. मायक्रोआरएनएला अंतिम आकार देणारे डायसर हे विकर त्यावरून बनते. जेमतेम २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे मायक्रोआरएनए स्वतः प्रथिन घडवत नाहीत. दुसऱ्या जनुकांच्या संदेशवाही आरएनएला चिकटून त्यांना आवर घालतात. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये गोलकृमीत सापडला. त्या कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

केंद्रकात ड्रोशा हे विकर डीजीसीआर-८ प्रथिनाच्या मदतीने लांबलचक आरएनएतून हेअरपिनच्या आकाराचा तुकडा कापते. एक्स्पोर्टिन-५ तो पेशीद्रव्यात आणते आणि तिथे डायसर त्याचे वळलेले टोक छाटते. डायसरला कापणारे भाग दोन: एक हेअरपिनची एक बाजू कापतो, दुसरा दुसरी.

कर्करोगाशी संबंध येतो तो इथे. एरवी अर्बुदरोधक, म्हणजे गाठ वाढू न देणाऱ्या, जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की गाठ वाढते, असे मानले जाते. डायसर-१ मात्र पूर्ण गेलेले पेशीलाच सहसा परवडत नाही. डायसर-१ च्या बिघाडातून होणाऱ्या गाठींमध्ये बहुधा एक प्रत निकामी असते, तर दुसरीत दोनपैकी एकाच, ‘३-बी’ नावाच्या कापणाऱ्या भागात नेमक्या मोजक्या जागी उत्परिवर्तन असते. विकर चालू राहते, पण अर्धेच कापते. परिणामी हेअरपिनच्या ‘५-पी’ बाजूचे मायक्रोआरएनए सुटत नाहीत. लेट-७ कुटुंबातले बहुतेक मायक्रोआरएनए याच बाजूचे; पेशींची वाढ रोखणारे म्हणून ते ओळखले जातात.

निकामी प्रत बऱ्याचदा आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असते. प्लुरोपल्मनरी ब्लास्टोमा या लहान मुलांच्या दुर्मीळ फुप्फुस-कर्करोगाच्या कुटुंबांत हे २००९ मध्ये उघड झाले. बीजांडकोशातील सर्टोली-लेडिग गाठ आणि थायरॉईडच्या गाठीही याच दोषातून उद्भवतात. दोष असलेल्या सर्वांनाच कर्करोग होतो असे नाही. अनेकांना कधीच होत नाही. तरीही तपासणीला महत्त्व आहे, कारण फुप्फुसातला आजार आधी निव्वळ पोकळ पुटी म्हणून दिसतो आणि त्या टप्प्यावर शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. म्हणून दोष असलेल्या बाळांच्या छातीचे सीटी स्कॅन पहिल्या वर्षातच करण्याचा सल्ला दिला जातो.

मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीत ड्रोशाचीही अशीच बिघडलेली रूपे आढळतात. तिथे एकाच प्रतीतला बिघाड पुरतो, कारण सदोष ड्रोशा चांगल्या ड्रोशाच्याही कामात अडथळा आणते.