पहिली पंगत जिवाणूंची

वांग्याची सहा आणि टोमॅटोची आठ रोपं होती. वाफ्याची माती आणखी हलकी व्हावी म्हणून सुताराकडचा दोन घमेली लाकडाचा भुसा मी तिच्यात कालवला होता. पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडू लागली, आधी खालची पानं, मग त्यांच्या वरची. पाणी कमी नव्हतं, कीडही दिसत नव्हती. रोपं उपाशी होती, आणि त्यांचं जेवण मीच बोलावलेल्या पाहुण्यांनी फस्त केलं होतं.

हे पाहुणे म्हणजे मातीतले जिवाणू आणि बुरश्या. जिवाणूच्या शरीरात साधारण आठ भाग कार्बनला एक भाग नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. खाल्लेल्या कार्बनपैकी जवळपास दोनतृतीयांश तो श्वसनात खर्च करतो. म्हणून त्याच्या ताटात 24 भाग कार्बनला एक भाग नत्र असेल तर हिशेब जमतो. चांगलं कुजलेलं शेणखत या प्रमाणाच्या आसपास किंवा खालीच असतं, त्यामुळे त्यातून रोपांसाठी थोडं नत्र उरतं. गव्हाच्या काडात हेच प्रमाण 80 ला एक असतं आणि लाकडाच्या भुशात तर कित्येक शे ला एक. मग कमी पडलेलं नत्र जिवाणू आजूबाजूच्या मातीतून उचलतात. पहिल्या पंगतीला तेच बसतात, मुळांची पाळी नंतर. पुढे जिवाणू मरतात आणि ते नत्र मातीत परत येतं, पण तोवर टोमॅटोचा हंगाम निघून गेलेला असतो.

गंमत म्हणजे तोच भुसा मातीत न कालवता वर पसरला असता, तर फारसं बिघडलं नसतं. वरच्या थरातले जिवाणू फक्त जिथे भुसा मातीला टेकतो त्या पातळ पट्टीतलंच नत्र ओढतात. मुळं त्याच्या खाली असतात. कच्चं ते वर, कुजलेलं ते आत, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

रोपं पिवळी दिसली की हात युरियाकडे जातो. माझाही गेला होता. उपटून लावलेल्या रोपाची पाणी शोषणारी केसांसारखी मुळं बरीचशी तुटलेली असतात. त्यातच मातीच्या पाण्यात खताचे क्षार वाढले, की मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं आणि ओल्या मातीतही पानांच्या कडा करपतात. नवी पालवी दिसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, शेणखत किंवा गांडूळखत पुरे. आणि युरिया आच्छादनावर, म्हणजे मातीवर पसरलेल्या पालापाचोळ्याच्या थरावर, तर कधीच भिरकावू नये. त्याचा अमोनिया करणारं युरिएज हे विकर (एन्झाइम) पालापाचोळ्यावर भरपूर असतं; 46 टक्के नत्राच्या त्या दाण्यांतलं बरंचसं मातीत पोचण्याआधीच हवेत उडून जातं.

आता आच्छादन. उघड्या मातीतलं पाणी बारीक पोकळ्यांतून वर चढतं आणि ऊन-वारा ते नेतो. कोरडवाहू शेतकरी कोळपणी करून या पोकळ्या तोडतात आणि भेगा बुजवतात. कोरड्या भुग्याचा तो थर हेही आच्छादनच. पाचट किंवा पाला त्याहून जास्त काम करतो: ऊन अडवतो, आणि पानांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेतून वाफेला हळूहळूच वाट मिळते. शिवाय उजेड न मिळाल्यानं तणाचं बरंचसं बी रुजत नाही.

मात्र आधी वाफा पोटभर भिजवायचा, मग झाकायचा. कोरडी माती झाकली तर ती कोरडीच राहते, कारण हलकी सर आली तर पाचटच ती पिऊन टाकतं. थर चार बोटं जाडीचा असावा, आणि रोपाच्या बुंध्याभोवती वीतभर नाही तरी चार बोटं जागा मोकळी ठेवावी, नाहीतर सतत ओल्या राहिलेल्या खोडाला बुरशी धरते. पावसाळ्यात थर पातळच बरा. जाड पाल्याखाली गोगलगायींचा संसार थाटला जातो आणि रात्रीत कोवळी रोपं साफ होतात.

पाल्यांमध्ये माझा कल वर्षावृक्षाकडे, म्हणजे रेन ट्रीकडे. हे झाड शेंगवर्गातलं, मुळांच्या गाठींत हवेतलं नत्र बांधणारं. पानं इवलीशी, लवकर कुजणारी. आमच्या रस्त्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा सडा पडतो आणि सकाळी ढीग करून तो पेटवला जातो. हल्ली मी झाडणाऱ्या मावशींच्या आधी पोतं घेऊन खाली उतरतो.