तापलेला सायलेन्सर किती लांबतो?

रात्री मोटारसायकल लावून इंजिन बंद केले की पार्किंगच्या शांततेत सायलेन्सरमधून टिक् टिक् असा आवाज येऊ लागतो आणि नव्या गाडीच्या मालकाला इंजिनात काहीतरी बिघडल्याची शंका येते. हा आवाज बिघाडाचा नसून आकुंचनाचा असतो. तापून लांबलेली नळी थंड होताना मूळ मापावर येते. तिचे सांधे, आतल्या जाळ्या आणि बाहेरचे कवच वेगवेगळ्या गतीने आखडतात आणि प्रत्येक बारीक घसरणीबरोबर एक टिचकी ऐकू येते.

बाहेरून घेतलेला सायलेन्सर बसवताना नेमके हेच विसरले जाते. गाडी थंड आहे, स्टँडवर आहे, सीटवर कोणी नाही, अशा वेळी सायलेन्सर आणि चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा स्विंगआर्म, यांच्यात बोट जाईल एवढी फट दिसली की काम झाले असे मानले जाते. वास्तविक ही फट गाडी तापून रस्त्यावर धावत असताना उरायला हवी.

रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. सायलेन्सरचे गणितही तेच आहे. नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची एक मीटर लांबीची नळी दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढते. इंजिनाजवळचा बेंड पाइप अधिक तापतो आणि टोक कमी, म्हणून सरासरी वाढ ३०० अंश धरली तर नळी ५ मिलिमीटरने लांबते. साध्या पोलादाची नळी तेवढ्याच तापमानवाढीत साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते, टायटॅनियमची त्याहून कमी.

आता ही नळी दोन्ही टोकांना इतकी जखडली आहे की तिला तसूभरही सरकता येत नाही, अशी कल्पना करा. लांबी वाढू दिली नाही तर ती वाढ ताणाच्या रूपाने धातूतच कोंडली जाते. स्टेनलेस स्टीलमध्ये हा ताण दर अंशाला सुमारे ३.३ मेगापास्कल चढतो आणि २०० मेगापास्कलच्या आसपास हा धातू कायमचा वाकू लागतो. म्हणजे अवघी ६० अंशांची वाढ त्याला पुरते, आणि तेवढे तापमान तर इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात गाठले जाते. प्रत्यक्षात नळीची वळणे थोडी लवचिक असल्यामुळे ती लगेच मोडत नाही. परंतु रोज तापणे आणि निवणे यांतून वेल्डिंगच्या कडेला किंवा ब्रॅकेटपाशी, म्हणजे सायलेन्सर चॅसीला धरणाऱ्या पट्टीपाशी, केसासारखी चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. चांगल्या सायलेन्सरमध्ये एक नळी दुसरीत सरकती ठेवून तो जोड स्प्रिंगांनी का धरलेला असतो, हे यावरून कळावे. अशा स्प्रिंगा काढून त्या जागी वेल्डिंग मारून देणारे मिस्त्री मी पाहिले आहेत आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

म्हणूनच सर्व नट आधी हातानेच बसवावेत. मग इंजिनाच्या तोंडाशी असलेले नट आळीपाळीने आवळावेत आणि ब्रॅकेटचा बोल्ट सर्वांत शेवटी. भोके जुळत नसतील तर नळी ओढून जुळवू नये, वॉशर घालावा. ओढून बसवलेली नळी थंड असतानाच ताणाखाली असते.

दुसरी हालचाल चिमट्याची. सायलेन्सर चॅसीला बांधलेला असतो, तर चिमटा खड्ड्यागणिक वरखाली होतो. शॉकअप खालून सोडवून, तो पूर्ण दबल्यावर चाक जिथवर जाईल तिथवर हाताने उचलून पाहावे. मी या वेळी थंड सायलेन्सरवर घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा चिकटवतो. चाक वर गेल्यावर गोळा जेवढा जाड उरतो, तेवढी खरी फट. ती १० मिलिमीटरहून कमी असेल तर मी ब्रॅकेट बदलतो.

उष्णतेचे प्रारण मात्र फटीला जुमानत नाही. ते निरपेक्ष, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या, तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते, त्यामुळे पृष्ठभाग २०० अंशांवरून ४०० अंशांवर गेला की प्रारण चौपटीहून थोडे अधिक होते. मागच्या ब्रेकचा होज किंवा प्लॅस्टिकचे कव्हर जवळ असेल तर मध्ये पत्र्याची ढाल हवी आणि तिच्या दोन्ही बाजूंना हवा खेळती हवी.

नळीवर निळा-जांभळा रंग चढला की ती अस्सल टायटॅनियमची, हा प्रचार खोटा आहे. तो रंग ऑक्साइडच्या पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचा असतो आणि तापलेल्या स्टेनलेस स्टीलवरही तो तितकाच देखणा उमटतो. कर्कश सायलेन्सर तर कायद्यानेही निषिद्ध आहे. पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात आणि ती कारवाई मला योग्यच वाटते.

पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, नट पुन्हा तपासावेत आणि बॅटरीच्या उजेडात सायलेन्सरची चाकाकडची बाजू न्याहाळावी. धुळीत कोठे नखाएवढा चकचकीत ठिपका दिसला, तर धातूला धातू घासला आहे आणि ब्रॅकेट त्याच दिवशी सोडवायला हवा.