मुंबईला न पोहोचलेलं जहाज

१२ सप्टेंबर १८६९. पी अँड ओ कंपनीची 'कर्नाटिक' ही आगबोट सुएझहून मुंबईला निघाली. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून दोन महिने होते. विलायतेहून येणारी माणसं आणि टपाल अलेक्झांड्रियाला उतरायचं, तिथून आगगाडीने सुएझला यायचं आणि तिथे पुन्हा बोटीवर चढायचं, असा तो काळ. कर्नाटिकच्या पोटात टपालाच्या थैल्या, कापसाच्या गाठी, तांब्याचे पत्रे आणि ४० हजार पौंडांचा खजिना होता.

त्याच रात्री, एक वाजण्याच्या सुमारास, बोट तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाशी एका प्रवाळखडकावर चढली. कप्तानाला धीर होता. पंप चालू होते, कंपनीचीच 'सुमात्रा' ही दुसरी बोट त्या वाटेने येणार होती, म्हणून त्याने प्रवाशांना होड्यांत उतरू दिलं नाही. पुढचा दिवस आणि पुढची रात्र सगळ्यांनी खडकावर अडकलेल्या बोटीतच काढली. १४ तारखेला सकाळी बायका-मुलांना होड्यांत बसवायला नुकतीच सुरुवात झाली होती, तेवढ्यात बोटीचा कणा मोडला. दोन तुकडे झाले. ३१ माणसं गेली. वाचलेल्यांनी जवळचं शदवान बेट गाठलं आणि सुमात्राने त्यांना तिथून उचललं.

त्या खडकाचं नाव अबू नुहास. अरबीत नुहास म्हणजे तांबं. कर्नाटिकच्या तांब्यामुळेच हे नाव पडलं असं सांगतात.

आज इजिप्तच्या हुरघडा बंदरातून स्कूबा डायव्हिंगच्या बोटी याच खडकाकडे जातात. बुडालेली जहाजं खडकाच्या उत्तर अंगाला आहेत, आणि वारा व लाटा त्याच बाजूने येतात. त्यामुळे मोठी बोट दक्षिणेच्या आडोशाला नांगरतात आणि हवा भरलेल्या रबरी होडीतून खडकाला वळसा घालून जातात. होडी लाटांवर आपटत असते, पाठीवर टाकी, तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर. इशारा झाला की सगळे एकदम मागे कलंडतात. चार-पाच मीटर खाली गेलं की लाटांचा आवाज, होडीचं हेलकावणं सगळं संपतं.

खाली जे दिसतं त्याचं वर्णन बहुतेक लोक 'समुद्रातली बाग' असं करतात. मला मात्र तिथे एक घड्याळ दिसतं.

कारण असं. जिवंत प्रवाळखडकाचं वय सांगणं अवघड असतं. एका पिढीच्या सांगाड्यावर दुसरी पिढी, तिच्यावर तिसरी, असा तो हजारो वर्षं चढत जातो. वरचा जीव कधी आला, खालचा कधी मेला, हे नुसतं पाहून कळत नाही. बुडालेल्या जहाजाचं तसं नाही. कर्नाटिकच्या लोखंडी बरगड्यांवर जे काही उगवलेलं आहे, त्यातलं काहीही १४ सप्टेंबर १८६९ च्या आधीचं असू शकत नाही. समुद्राच्या तळाशी तारीख लिहिलेली पाटी कुठे असेल, तर ती इथे.

आणि अबू नुहासवर अशी एकच पाटी नाही. त्याच उत्तर उतारावर आणखी तीन मालवाहू जहाजं निजली आहेत: मसूर नेणारं 'किमॉन एम' १९७८ साली बुडालं, इटलीहून फरशा घेऊन निघालेलं 'क्रिसूला के' १९८१ साली, आणि लाकूड नेणारं 'जियानिस डी' १९८३ साली. समुद्र तोच, खडक तोच, पाण्याचं तापमान आणि खारेपणा तोच. फरक वयाचा आणि बांधणीचा. एखाद्या शास्त्रज्ञाला असा प्रयोग मांडायचा म्हटलं तर त्याचा पणतूच निष्कर्ष लिहील. इथे तो अपघाताने मांडला गेला आहे.

प्रयोगाचा पहिला धडा लाकडाचा. कर्नाटिक ही मिश्र बांधणीची बोट होती, म्हणजे सांगाडा लोखंडाचा आणि वरून लाकडी फळ्या. आज फळ्या जवळजवळ उरलेल्या नाहीत. त्या खाल्ल्या कुणी? लाकूड पोखरणाऱ्या एका जीवाने, ज्याला इंग्रजीत 'शिपवर्म' म्हणतात. नावात किडा असला तरी हा प्राणी किडा नाही. तो तिसऱ्या-शिंपल्यांच्या कुळातला. त्याची दोन शिंपलं इतकी लहान झालेली असतात की ती फक्त डोक्याशी उरतात आणि कानशीसारखी चालतात. पोखरलेलं लाकूड पचवायला त्याच्या कल्ल्यांत राहणारे जीवाणू मदत करतात. लाकडी होड्या वापरणाऱ्या प्रत्येक किनाऱ्याने या जीवाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली आहे.

जुन्या जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत ते याच जीवापासून वाचण्यासाठी. तांबं विरघळतं ते अगदी थोडं, पण तेवढंही समुद्री जीवांच्या पिल्लांना विष ठरतं. आजही जहाजांच्या तळाला लावायच्या पुष्कळ रंगांत तांबं असतं. म्हणजे जहाज बुडाल्याबरोबर लगेच बाग फुलते असं नाही. रंग झिजेपर्यंत, विष संपेपर्यंत वाट पाहावी लागते.

मग लोखंड. समुद्राच्या पाण्यात लोखंड गंजतं, पण आपण समजतो त्याहून सावकाश. उघडं पडलेलं लोखंड वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं झिजतं. त्यावर चुना साठवणारी शैवालं, कालवं, कृमींच्या नळ्या बसत जातात आणि एक टणक कवच तयार होतं. या कवचामुळे आतल्या लोखंडापर्यंत प्राणवायू कमी पोहोचतो आणि झीज आणखी मंदावते. जहाज जीवांना बसायला जागा देतं आणि जीव जहाजाला टिकवतात. कर्नाटिकच्या बरगड्या दीडशे वर्षांनंतरही कमानींसारख्या उभ्या आहेत, त्यामागे हा व्यवहार आहे.

आता त्या कमानींखाली जाऊ. फळ्या गेल्यामुळे उजेड बरगड्यांमधून तिरपा आत येतो. आत हजारो लहान मासे एका ठिकाणी तरंगत असतात, त्यांचं अंग इतकं पारदर्शक की मणका दिसतो. ग्लासफिश म्हणतात त्यांना. आपण पुढे सरकलो की तो सगळा पडदा एकदम दुभंगतो आणि मागे पुन्हा जुळतो. दिवसा ते इथे आडोशाला राहतात, रात्री बाहेर जाऊन खातात.

वरच्या तुळयांच्या खालच्या अंगाला झुपके लोंबत असतात. तिथे, २० मीटरवर, ते राखी-निळसर दिसतात. टॉर्च लावला की अचानक जांभळे, गुलाबी, शेंदरी. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं, म्हणून एवढ्या खोलीवर लाल रंग असतो पण दिसत नाही. दिवा आपण खालीच नेला की तो परत येतो. मला वाटतं, स्कूबा शिकणाऱ्या प्रत्येकाने हा एक क्षण तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

हे झुपके मऊ प्रवाळांचे. आणि ते नेमके सावलीतच का, याचं उत्तर त्यांच्या जेवणात आहे. खडक बांधणारं कठीण प्रवाळ म्हणजे चुन्याच्या घरात राहणारे लहान लहान जीव, आणि त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं. शैवालं उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. त्यामुळे कठीण प्रवाळाला ऊन लागतं. तुळयांना लोंबणाऱ्या या रंगीत मऊ प्रवाळांकडे मात्र शैवालांचा आधार नसतो. वाहत्या पाण्यातले बारीक जीव पकडून ते पोट भरतात. त्यांना उन्हाची गरज नाही, प्रवाहाची आहे. म्हणून जहाजाची वरची, उजेडातली बाजू कठीण प्रवाळाची आणि खालची, सावलीतली बाजू मऊ प्रवाळाची अशी वाटणी होते. शेजारच्या नैसर्गिक खडकावर असे मोठे सज्जे आणि लोंबती छतं फारशी नसतात. तांबड्या समुद्रातल्या जुन्या जहाजांचा अभ्यास करणाऱ्यांना हेच आढळलं: शंभर वर्षं उलटली तरी जहाज आपोआप शेजारच्या खडकासारखं होत नाही. रचना खडकासारखी असेल तरच वस्तीही खडकासारखी होते. नुसत्या वयाने ते घडत नाही.

आणि वय मोजायला तारीख हाताशी असली की वाढीचा वेगही पडताळता येतो. दगडासारखे गोल वाढणारे पोराइट्स जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचे अॅक्रोपोरा वर्षाला १० सेंटिमीटरपर्यंतही जातात. म्हणजे आपल्या पायातल्या फिनच्या एका फटक्याने हातभर फांदी मोडली, तर काही वर्षांची वाढ गेली. गोल प्रवाळाचा हातभर गड्डा उलटला, तर एका माणसाच्या आयुष्यात तो भरून निघेल याची खात्री नाही.

या सगळ्या गोष्टी बघायला खाली आपल्याजवळ वेळ किती? पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर एकूण दाब तिप्पट. रेग्युलेटर आपल्याला आजूबाजूच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, नाहीतर छाती फुगवणंच जमणार नाही. पण त्यामुळे प्रत्येक श्वासात तिप्पट हवा खर्च होते. १२ लिटरची टाकी २०० बार, म्हणजे वातावरणाच्या साधारण दोनशेपट दाबाने भरली तर तिच्यात सुमारे २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला ती जमिनीवर दोन तास पुरेल, २० मीटरवर ४० मिनिटं. शिवाय वर येण्यासाठी राखीव हवी, ती वेगळी.

वर येतानाचे नियमही याच दाबातून आले आहेत. श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. आणि घाई करायची नाही. खाली असताना नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळलेला असतो. दाब झटकन कमी झाला तर तो सोड्याची बाटली उघडल्यासारखा बुडबुड्यांनी बाहेर पडतो, आणि हे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतात. म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायची रीत आहे, आणि डायव्हिंगनंतर १८ ते २४ तास विमानात बसत नाहीत. अंगात काही त्रास होत नाही म्हणून ही तीन मिनिटं टाळणारे लोक असतात. टाळू नका.

श्वासाचा आणखी एक परिणाम आहे, ज्याचा आपण विचार करत नाही. जहाजाच्या आत सोडलेले बुडबुडे छताला जाऊन अडकतात. तिथे हवेचा कप्पा तयार होतो, लोखंडाला ओलावा आणि भरपूर प्राणवायू दोन्ही मिळतात आणि ते भराभर गंजतं. जे कवच जीवांनी दशकानुदशकं बसवलं ते खरवडलं जातं ते वेगळंच. अबू नुहासपासून फार दूर नसलेलं 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन बॉम्बफेकीत बुडालं. मोटारसायकली, ट्रक, रबरी बूट असा युद्धाचा माल अजून त्याच्या कोठारांत आहे. ते जगातल्या सगळ्यात लोकप्रिय बुडालेल्या जहाजांपैकी एक. डायव्हिंगच्या बोटींनी आपले दोर थेट त्याच्या कठड्यांना बांधले आणि लाटांच्या हिसक्यांनी ते कठडे उपटले गेले. जर्मन बॉम्बनंतर जे शिल्लक होतं, त्यातलं काही आपण प्रेमापोटी तोडलं.

प्रत्येक बुडालेलं जहाज समुद्राला पचतंच असंही नाही. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा या प्रवाळबेटावर १९९१ साली एक मासेमारीचं जहाज बुडालं. त्या पाण्यात लोखंड जवळजवळ नव्हतं. गंजातून लोखंड सुटायला लागल्यावर प्रवाळाचाच एक चिवट नातेवाईक भोवताली पसरला आणि त्याने मूळचं प्रवाळ झाकून टाकलं. शेवटी ते जहाज उचलून न्यावं लागलं. फ्लोरिडात १९७० च्या दशकात कृत्रिम खडक म्हणून सुमारे २० लाख टायर समुद्रात टाकले होते. बांधलेले दोर तुटले, टायर वादळांत सुटे झाले आणि खऱ्या खडकांवर आपटू लागले. ते काढण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण हा प्रश्न आता आपल्या किनाऱ्यावर आला आहे. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्गात निवती खडकांजवळ तळाशी बसवून तिथे कृत्रिम खडक आणि पर्यटन उभं करायचं, अशी योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतली. मालवणात स्कूबा करून आलेली माणसं आता घरोघरी आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे. योजना मला मनापासून आवडते. पण तांबड्या समुद्राचं नितळ पाणी आपल्याकडे नाही. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, उजेड थोड्याच खोलीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे इथल्या जहाजावर रंगीबेरंगी कठीण प्रवाळापेक्षा कालवं, शिणाणे, स्पंज, मऊ प्रवाळ आणि आडोसा शोधणारे तांबोशी, गोबरे असे मासे जास्त येतील असा माझा अंदाज. तीही मोठी गोष्ट आहे. बुडवण्याआधी तेल, वायरी, विषारी रंग किती काटेकोरपणे काढले जातात, आणि बोटी बांधायला वेगळे तरंगते बोये असतात की कठड्यालाच दोर पडतात, यावर पुढची पन्नास वर्षं ठरतील. आणि पहिल्या दिवसापासून, दर वर्षी, त्याच जागेवरून त्याच चौकटीचे फोटो काढणारं कुणीतरी नेमलं पाहिजे. हे काम स्थानिक डायव्हर उत्तम करू शकतात.

कर्नाटिक बुडाल्यावर दोन महिन्यांच्या आतच विमा उतरवणाऱ्यांनी खजिना काढायला माणसं पाठवली. पाणबुड्या तांब्याचं जड शिरस्त्राण घालून उतरला, वरून हातपंपाने हवा येत होती. बहुतेक सोनं त्याने वर आणलं. त्या वेळी तिथे काय उगवायला लागलं होतं, पहिलं कालव कुठे बसलं, कोणता मासा आधी आला, हे ज्या मोजक्या माणसांना पाहता आलं असतं त्यांतला तो एक होता. ते त्याला कुणी विचारलं नाही.