वार आणि गर्भारपणातील मधुमेह

गर्भारपणात पहिल्यांदा दिसणारी आणि बहुतेकींच्या बाबतीत बाळंतपणानंतर ओसरणारी रक्तातल्या साखरेची वाढ म्हणजे गर्भारपणातील मधुमेह. तो समजून घ्यायचा तर सुरुवात वारेपासून (अपरा) करावी लागते. बोलताना वार आणि नाळ यांची अनेकदा गल्लत होते. नाळ ही बाळाला वारेशी जोडणारी दोरी. वार हा गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला, पूर्ण दिवस भरेपर्यंत सुमारे अर्धा किलो वजनाचा होणारा अवयव. बाळाला पोसता पोसता तो संप्रेरकेही बनवतो.

बाळाला दिवसरात्र ग्लुकोज लागते आणि ते आईच्या रक्तातूनच येते. वारेतले लॅक्टोजेन हे संप्रेरक आईच्या शरीरातली चरबी मोकळी करते, म्हणजे आईची गरज चरबीवर भागते आणि ग्लुकोज बाळासाठी उरते. वारेचे स्वतःचे वाढ-संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन आणि या काळात वाढलेले कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) यांच्यामुळे स्नायू इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, पुरेशी दाद देत नाहीत. वार वाढते तसा हा विरोध वाढतो. शेवटच्या तीन महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो. स्वादुपिंड दुप्पट किंवा त्याहून जास्त इन्सुलिन सोडून ही तूट भरून काढते. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड तेवढे पुरे पडत नाही, तिची साखर वाढते. घराण्यातला मधुमेह, वाढलेले वजन, जास्त वय, पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) यांमुळे ही शक्यता वाढते. त्यामुळे ‘डोहाळ्यांत गोड खाल्लंस म्हणून झालं’ हा दोष त्या बाईवर ठेवणे चुकीचे आणि क्रूरही आहे.

पहिल्या तिमाहीत चित्र उलटे असते. उपाशीपोटीची साखर थोडी उतरते. म्हणून अगदी पहिल्याच तपासणीत साखर बरीच जास्त आली, तर मधुमेह दिवस राहण्याआधीपासूनच असण्याचा संशय घ्यावा.

भारत सरकारच्या पद्धतीत पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत चाचणी होते. उपाशी राहण्याची गरज नसते. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायचे आणि २ तासांनी साखर मोजायची. ती १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आली, तर निदान होते. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. पहिली चाचणी बरी आली म्हणून दुसरी टाळणे ही नेहमीची चूक: वारेचा खरा जोर पाचव्या-सहाव्या महिन्यानंतरच दिसतो.

उपचार आहारापासून सुरू होतात. सकाळी कॉर्टिसॉल चढलेले असल्याने न्याहारीनंतरची साखर सगळ्यात हट्टी असते. तेव्हा बशीभर पोहे किंवा उपवासाची साबुदाणा खिचडी घेतली की आकडा उसळतो. थोडी भाकरी किंवा मुगाचे धिरडे, सोबत मोडाची उसळ हे बरे. दोन जिवांची म्हणून दुप्पट खाऊ नये, पण उपाशीही राहू नये. जेवणानंतर १५-२० मिनिटे चालल्याने फरक पडतो. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर २ तासांनी १२० च्या खाली हे लक्ष्य. दोन आठवड्यांत ते साधले नाही, तर बहुधा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. ग्लुकोज मात्र सहज जाते.

बाळाचा त्रास नेमका तिथूनच सुरू होतो. डेन्मार्कचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडले, की आईची जास्तीची साखर बाळाच्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवायला लावते. त्याने बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे रुंद होतात आणि प्रसूतीत अडकू शकतात. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचे इन्सुलिन चढेच राहते. त्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजावे आणि बाळाची साखर तपासत राहावी.

वार पडली की काही तासांतच आईची इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते. आधीचाच डोस चालू ठेवला तर तिची साखर घसरते. पुढे मात्र अशा स्त्रियांना टाइप २ मधुमेहाचा धोका कित्येक पट असतो. सहा आठवड्यांनी, या वेळी उपाशीपोटी, ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची असते. घरादाराचे लक्ष बाळाकडे लागलेले असल्याने हीच चाचणी सर्वाधिक राहून जाते; बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच ती उरकणे सोयीचे.