घंटागाडी काट्यावर चढते तेव्हा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतून घंटागाडी जाते ती कोयांनी भरून. आदल्या दिवशी घरोघरी आमरस आणि मांडे झालेले असतात, त्यात कलिंगडाच्या सालांची भर. गाडीचे टायर बसलेले लांबूनही दिसतात. नगरपालिकेच्या वहीत मात्र त्या दिवशीही रोजचाच आकडा पडतो. कारण बऱ्याच ठिकाणी कचरा मोजत नाहीत, धरतात. फेऱ्या गुणिले गाडीची क्षमता, झालं वजन!

हे आठवलं एका बातमीवरून. शहरातल्या इतक्या टक्के कचऱ्यावर प्रक्रिया होते असं तीत छापलं होतं, तेही दशांशचिन्हानंतर दोन आकडे देऊन. अंदाजाला भागाकार केला की दशांश स्थळं फुकट मिळतात. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी स्थानिक संस्थांना दरवर्षी ३० जूनपर्यंत अहवाल द्यायला सांगितलं. तो अहवाल वहीतून येतो आणि वही काट्यावरून यायला हवी.

अख्खी गाडी तोलणारा भुईकाटा म्हणजे काय हे खान्देशात कुणाला सांगायला नको. कापसाची गाडी जिनिंगला जाताना आणि केळीचा ट्रक भरून निघताना आपण काटा करतोच. पण त्या लोखंडी फळ्याखाली काय चालतं ते फार देखणं आहे.

फळा पोलादाच्या काही ठोकळ्यांवर टेकलेला असतो. त्यांना लोड सेल म्हणतात. गाडी चढली की ठोकळा दबतो, पूर्ण भाराला साधारण हजारात एक भाग. डोळ्याला ते दिसणं शक्य नाही. म्हणून ठोकळ्यावर धातूच्या पातळ पत्र्याची नागमोडी जाळी चिकटवतात, तो स्ट्रेन गेज. तार ताणली की लांब आणि बारीक होते, तिचा विद्युतरोध वाढतो; दाबली की कमी होतो. हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्येच दाखवलं होतं. ३५० ओहमच्या गेजमध्ये पूर्ण भाराला जेमतेम ०.७ ओहमचा फरक पडतो.

आता आपलं ऊन मध्ये येतं. पोलाद दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १२ भाग प्रसरण पावतं. सकाळी २५ अंश आणि दुपारी ४५ अंश, म्हणजे २४० भाग. पूर्ण भाराला ठोकळा दबला होता दहा लाखांत १००० भाग. म्हणजे एकच साधा गेज लावला असता तर ४० टनांच्या काट्याचा आकडा नुसत्या उन्हाने दहाएक टनांनी सरकला असता. गाडी जागची हललेली नाही, काट्यावर दहा टन मे महिना!

तसं होत नाही, कारण गेज चार असतात आणि ते व्हीटस्टन सेतूत, म्हणजे चार रोधांच्या चौकोनी मंडलात, जोडलेले असतात. (सेतू मूळचा सॅम्युअल ख्रिस्टी यांचा, १८३३ चा, व्हीटस्टन यांनी तो लोकप्रिय केला आणि नाव त्यांचं लागलं.) दोन गेज भाराच्या दिशेत, दोन आडवे. ठोकळा दबताना बाजूंना फुगतो, त्यामुळे उभे दोन आखडतात आणि आडवे दोन ताणले जातात. ऊन मात्र चौघांनाही सारखंच लागतं. सेतूला फक्त चौघांतला फरक कळतो, म्हणून ऊन वजा होतं आणि गाडी उरते. दहा व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला जेमतेम दहा-वीस मिलिव्होल्ट मिळतात. हा एवढासा झरा वाढवून आकड्यात बदलला की वजन.

एका कचरा डेपोवर काट्याच्या डिस्प्लेला लिंबू-मिरची बांधलेली पाहिली. काट्याला नजर लागत नाही, फळ्याच्या फटीत दगड लागतो. दगड अडकला की थोडा भार बाजूच्या भिंतीवर जातो आणि वजन कमी दिसतं. लिंबाऐवजी झाडू ठेवला असता तर बरं झालं असतं. हीच गोष्ट कचऱ्याच्या नोंदी पडद्यावर दाखवणाऱ्या 'एआयवर चालणाऱ्या डॅशबोर्ड'चीही. दारावरचा क्यूआर कोड स्कॅन झाला म्हणजे गाडी दाराशी आली एवढंच कळतं, तिच्यात किती किलो पडलं ते नाही.

काटा बरोबर असला तरी एक फसगत उरते, पाण्याची. १०० किलो ओल्या कचऱ्यात ७० टक्के पाणी धरा. तो उन्हात पसरला आणि पाणी ४० टक्क्यांवर आलं. वजन किती उरलं? बहुतेक जण ७० किलो म्हणतात. पण कोरडा भाग ३० किलोच होता आणि आता तोच ६० टक्के आहे. म्हणजे एकूण ५० किलो. कुणी बोटही न लावता निम्मा कचरा गेला. आत आलेल्या वजनातून पडून असलेलं वजन वजा करून कुणी 'प्रक्रिया' दाखवली, तर ते श्रेय सूर्याचं आहे. म्हणून काटा फाटकावर, कचरा येतानाच व्हायला हवा, वेळ नोंदवून. श्रावणात हाच हिशेब उलटा फिरतो.

उलट जे खरंच रिसायकल होतं ते वहीत येतच नाही. डबे, बाटल्या, फुटक्या बादल्या भंगारवाला दारावरूनच नेतो. जुन्या प्लास्टिकचे दाणे करून जळगावात चटया विणल्या जातात, पण तो माल डेपोच्या काट्यावर कधी चढला नाही, म्हणून सरकारी हिशेबात तो नाहीच.

त्याच डेपोवर मी काटेवाल्या भाऊंना विचारलं, भरल्या गाडीतून वजा करायचं ते रिकाम्या गाडीचं वजन केव्हा करता? "ते गाडी नवी आली तेव्हाच भरलंय," ते म्हणाले. दिवस पावसाचे होते, हौदाच्या तळाशी चिखल आणि काळं पाणी साचलेलं. खाली झालेली एक गाडी त्यांनी माझ्या आग्रहाखातर परत चढवली. आकडा नोंदीपेक्षा ९० किलोंनी जास्त आला. म्हणजे हे ९० किलो दर फेरीला शहराच्या नावावर कचरा म्हणून जमा होत होते. भाऊंनी डोकं खाजवलं, काँप्युटरवर नवा आकडा टाकून पाहिला. त्याने पासवर्ड मागितला.