पैसा आल्यावर सुरांची ओढ कुठे जाते?

हेक्टर बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग वाचताना फार हळहळ वाटते. १८५० च्या सुमारास एका रात्री त्याला स्वप्नात एक नवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, ऐकू आली. जाग आली तेव्हा तिचा पहिला भाग जवळजवळ पूर्ण आठवत होता. ए मायनर या स्वरश्रेणीतला, दोन मात्रांचा, द्रुत लयीतला. तो लिहायला बसला आणि मनात हिशेब सुरू झाला. एक भाग लिहिला की पुढचे लिहिल्याशिवाय राहवणार नाही. त्यात तीन-चार महिने जाणार. तेवढे दिवस वर्तमानपत्रातले लेख बंद, म्हणजे मिळकत बंद. वर वादकांसाठी स्वरलेखनाच्या प्रती करून घेण्याचा खर्च आणि कार्यक्रमाचा तोटा. घरात आजारी बायको, शिकणारा मुलगा. त्याने लेखणी खाली टाकली. पुढच्या रात्री तेच सूर पुन्हा ऐकू आले, त्याने पुन्हा मन आवरले. त्यानंतर सकाळी उठला तेव्हा सगळे विसरून गेला होता, ते कायमचेच.

याच बर्लिओझच्या हातात त्याआधी एकदा अचानक मोठी रक्कम पडली होती. १६ डिसेंबर १८३८ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या कार्यक्रमाला जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनी आला होता. घशाच्या आजाराने पागानिनीचा आवाज गेला होता. आपल्या लहान मुलाच्या तोंडून त्याने मनातले सांगितले आणि सर्वांसमोर बर्लिओझपुढे गुडघे टेकले. दोन दिवसांनी त्याचे पत्र आले, सोबत २०,००० फ्रँक. बर्लिओझने कर्जे फेडली, उरलेल्या पैशाच्या भरवशावर लेखांचे ओझे बाजूला सारले आणि सात महिने एकाच कामात बुडाला. त्यातून ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ ही भव्य सिंफनी उभी राहिली. २४ नोव्हेंबर १८३९ ला ती पहिल्यांदा वाजली.

माणूस तोच, ओढही तीच. एकदा पैसा होता म्हणून संगीत लिहिले गेले, एकदा नव्हता म्हणून राहिले. तरीही ‘घबाड मिळाले की कलावंत संपतो’ ही समजूत आपल्याकडे आणि जगभर घट्ट बसलेली आहे. ती कितपत खरी, हे विज्ञानाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे.

अचानक आलेल्या पैशाचा परिणाम मोजायला संशोधकांना लॉटरी फार उपयोगी पडते, कारण बक्षीस कुणाला लागावे हे केवळ नशिबावर असते. या विषयावर १९७८ चा एक अमेरिकी अभ्यास नेहमी पुढे केला जातो. इलिनॉय राज्यातल्या लॉटरीचे २२ विजेते शेजारपाजारच्या लोकांपेक्षा फारसे अधिक सुखी नव्हते, आणि गप्पा, न्याहारी, विनोद अशा रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद थोडा कमी होता. पण २२ ही संख्या फारच लहान आहे, आणि या अभ्यासाला मिळालेले वजन मला अवाजवी वाटते. स्वीडनमध्ये कितीतरी अधिक विजेत्यांचा अनेक वर्षे माग काढला गेला, तेव्हा आयुष्याबद्दलचे समाधान वाढलेले दिसले आणि दशकभरानंतरही ते टिकून होते. काम सोडण्याचे काय? मॅसॅच्युसेट्समधल्या विजेत्यांवरचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की बक्षिसाच्या दर डॉलरमागे त्यांची कामाची कमाई साधारण ११ सेंटने घटली. म्हणजे माणसे काम थोडे कमी करतात, टाकून देत नाहीत. आणि हे नोकरीधंद्याबद्दल झाले. ज्यासाठी आपण झोपमोड करून उठतो त्या रियाजाला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

त्यासाठी मेंदूत डोकवावे लागते. आवडते संगीत ऐकताना अंगावर शहारा येतो, त्या क्षणी मेंदूच्या खोल भागात डोपामीन हे रसायन स्रवते. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवले. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब अशी, की शहारा येण्याच्या आधी, नुसत्या चाहुलीनेही डोपामीन वाढते, आणि तेही मेंदूच्या थोड्या वेगळ्या भागात. आता समेवर येणार, येणार, अशी जी उत्कंठा श्रोत्याला धरून ठेवते, तिची ही रासायनिक बाजू. २०१९ च्या एका प्रयोगात डोपामीन वाढवणारे औषध दिल्यावर लोकांना संगीत अधिक भावले आणि गाण्यासाठी जास्त पैसे मोजायची तयारी झाली. डोपामीनला अडवणारे औषध दिल्यावर दोन्ही घटले.

पैसे जिंकण्याचा आनंदही डोपामीनच्या याच यंत्रणेतून जातो. मग एक भूक भागली की दुसरी मरेल का? बार्सिलोनाच्या संशोधकांना २०१४ मध्ये असे निरोगी लोक सापडले ज्यांना संगीतात काहीच सुख वाटत नाही. कानात दोष नाही, सूर ओळखता येतात, आणि पैसे जिंकायच्या खेळात ते इतरांइतकेच रंगतात. पैशाचे सुख शाबूत असताना संगीताचे सुख नसू शकते, याचा अर्थ दोन्हींचे शेवटचे ठिकाण एक असले तरी तिथे पोचण्याच्या वाटा निराळ्या आहेत. हे प्रयोग ऐकण्याबद्दलचे आहेत, संगीत घडवण्याबद्दलचे नाहीत. तरी त्यावरून मला असे वाटते, की बँकेतली रक्कम सुरांची तहान भागवू शकत नाही.

धोका आहे तो वेगळ्या जागी. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत ज्या मुलांना चित्रे काढायला मनापासून आवडत असे, त्यातल्या काहींना आधीच सांगितले गेले, की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी बक्षिसाचा विषय नसताना हीच मुले रंगांकडे कमी वळू लागली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. हा फरक इथे कळीचा आहे. ‘हे कर, म्हणजे ते मिळेल’ असा सौदा आतली ओढ पोखरतो. लॉटरी किंवा पागानिनीचे पत्र यांत सौदा नसतो. उलट पोटासाठी करावे लागणारे सौदे त्यामुळे सुटतात.

मग रोसिनीचे काय, असे जाणकार विचारतील. इटलीच्या या संगीतकाराने १९ वर्षांत ३९ ऑपेरा, म्हणजे संगीत नाटके, लिहिले. १८२९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, पुष्कळ पैसा गाठीशी असताना त्याने ऑपेरा लिहिणे थांबवले, आणि पुढे तो १८६८ पर्यंत जगला. पैशाने आळशी झाला, हा शिक्का त्याच्यावर कायम आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. वर्षाला दोन-तीन नवे ऑपेरा, नाटकगृहांच्या मुदती, गायकांचे रुसवेफुगवे यांनी तो पिळून निघाला होता. पुढे मूत्रमार्गाचा जुनाट विकार आणि खोल नैराश्य यांनी त्याला वर्षानुवर्षे छळले. पैशामुळे त्याला नाटकगृहाच्या चरकातून बाहेर पडता आले. संगीताचा आनंद हिरावला तो आजाराने. आणि १८५५ ला पॅरिसला परतल्यावर प्रकृती सुधारताच काय झाले पाहा. १८५७ मध्ये, इतकी वर्षे सेवा करणाऱ्या पत्नीला, ओलँपला, त्याने छोट्या गीतांचा संच कृतज्ञतेने भेट दिला. त्यानंतर पियानोसाठी आणि आवाजासाठी मिळून सुमारे दीडशे रचना झाल्या. त्यांना त्याने ‘म्हातारपणीची पापे’ असे लाडके नाव दिले. शनिवारी घरी जमणाऱ्या मैफलीत त्या वाजत. छापायला द्यायचे मात्र त्याने टाळले. त्यातून ना पैसा हवा होता, ना नवी कीर्ती.

आजच्या काळात याच्या जवळ जाणारा एक प्रयोग आयर्लंडने केला. २०२२ पासून २,००० कलावंतांना दर आठवड्याला ३२५ युरो देण्यात आले. त्यात गायक, वादक, संगीतकारही होते. निवड अर्जदारांतून चिठ्ठी काढावी तशी झाली. पैसे न मिळालेल्या १,००० जणांचा गट तुलनेसाठी ठेवला. ही रक्कम श्रीमंती म्हणावी एवढी नाही, पण काम न करताही ती मिळणार होती, त्यामुळे ओढ खरोखर सैल पडते का, हे तपासायला ती पुरेशी होती. पैसे मिळालेल्यांनी दुसऱ्या गटापेक्षा आपल्या कलेला अधिक तास दिले, त्यांच्यात चिंता आणि नैराश्य कमी आढळले, आणि मिळालेल्या पैशातला काही भाग त्यांनी कामाच्या साहित्यावर आणि सरावाच्या जागेच्या भाड्यावर खर्च केला.