हायडेलबर्ग

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात नेकार नदीकाठी वसलेले ऐतिहासिक विद्यापीठनगर. लोकसंख्या दीड लाखाहून अधिक. पहिला लेखी उल्लेख ११९६ सालचा. पॅलाटिनेट या जुन्या जर्मन संस्थानाच्या इलेक्टरांची, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या संस्थानिकांची, ही दीर्घकाळ राजधानी होती. त्यांच्यापैकी रुप्रेख्ट पहिला याने १३८६ मध्ये येथे विद्यापीठ स्थापन केले. आजच्या जर्मनीतील ते सर्वांत जुने.

शहराची ओळख म्हणजे डोंगरउतारावरचा लाल वालुकाश्माचा भग्न किल्ला. फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये तो उद्ध्वस्त केला, १७६४ मध्ये वीज पडून उरलासुरला भागही जळाला. मग गावकरी घरे बांधायला त्याचे दगड नेऊ लागले. ही लूट थांबवली शार्ल द ग्रँबेर या सरदाराने, आणि तो फ्रेंचच होता. किल्ल्यात सर्वांत बोलकी जागा दारूगोळ्याच्या बुरुजाची. सुरुंगाने त्याचा अर्धा भाग उडाला, पण चक्काचूर झाला नाही. काही मीटर जाडीची ती भिंत अखंड खंदकात घसरली आणि आजही तशीच कलंडून पडली आहे. तळघरात १७५१ सालचे ओकचे प्रचंड पिंप आहे. त्यात सुमारे दोन लाख वीस हजार लिटर वाइन मावत असे. शेतकऱ्यांकडून कराच्या रूपाने येणारी वाइन त्यात साठवत. त्याच्या माथ्यावर नाचण्यासाठी फळ्यांचा मंचही आहे. वर जायला कोर्नमार्क्ट चौकातून दोरीवर ओढली जाणारी रेल्वे मिळते. तीच पुढे क्योनिगश्टूल शिखरापर्यंत जाते. वरच्या टप्प्यावरचे लाकडी डबे १९०७ पासूनचे आहेत.

खालचे जुने गाव मध्ययुगीन वाटते, पण १६९३ च्या आगीत ते जवळपास सगळे खाक झाले होते. गल्ल्यांची आखणी जुनी, घरे मात्र बहुतेक अठराव्या शतकातली. त्या आगीतून वाचलेले ठळक घर म्हणजे १५९२ मध्ये एका कापडव्यापाऱ्याने बांधलेले ‘हाउस त्सुम रिटर’. समोरच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये १७०६ ते १९३६ पर्यंत मधोमध भिंत होती; एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट प्रार्थना करीत. याच चर्चमधला मौल्यवान ग्रंथसंग्रह कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सत्तांमधल्या तीस वर्षांच्या युद्धात, १६२३ मध्ये, रोमला पोपकडे गेला. त्यातला मोठा भाग अजून व्हॅटिकनमध्येच आहे, आणि ही हानी किल्ल्याच्या पडझडीहून लहान म्हणता येणार नाही. विद्यापीठाची ‘विद्यार्थी कोठडी’ चुकवू नये. दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना येथे डांबत. त्यांनी भिंती, छत, दारे चित्रांनी आणि नावांनी भरून टाकली आहेत. १७८८ चा जुना पूल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला. दोन वर्षांत तो पुन्हा उभा राहिला. किल्ला, पूल आणि गाव एका नजरेत पाहायचे तर नदीपलीकडच्या ‘तत्त्वज्ञांच्या वाटेवर’ चढावे.

उन्हाळ्यात तीनदा, जून, जुलै व सप्टेंबरमध्ये, किल्ल्याची रोषणाई होते. अंधार पडल्यावर ‘बंगाली जाळ’ नावाच्या लाल ज्योती पेटतात आणि किल्ला पुन्हा जळत असल्यासारखा दिसतो. हे त्या विध्वंसाचेच स्मरण. पाठोपाठ पुलाजवळून आतषबाजी. सप्टेंबरअखेरीस शरदोत्सव, डिसेंबरमध्ये नाताळबाजार. पण सर्वांत लोभस उत्सव मुलांचा, ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारचा. रंगीत कागदी पट्ट्या गुंडाळलेली काठी, त्यावर खारी बिस्किटासारखी नव्हे तर पावासारखी मऊ प्रेट्झेल आणि पोकळ अंडे, अशी मिरवणूक निघते आणि शेवटी थंडीचा पुतळा जाळतात. मराठी माणसाला तेथे गुढी आणि होळी दोन्ही आठवतील.

खाण्यात श्पेट्झले (अंडे घातलेल्या पिठाच्या उकडलेल्या शेवया), माउलटाशेन (सारण भरलेले चौकोनी पदार्थ, बहुधा मांसाचे) आणि २४ जूनपर्यंत मिळणारा शेजारच्या श्वेट्झिंगन गावचा पांढरा अ‍ॅस्परॅगस. शरदात ताज्या, अजून फसफसणाऱ्या वाइनसोबत कांद्याचा केक मिळतो. त्यात बहुधा डुकराचे मांस असते, शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावा. ‘विद्यार्थ्याचे चुंबन’ हे चॉकलेट क्नोजेल कॅफेचे. सोबत वडीलधारी बाई असताना मुलींशी बोलता येत नसे, तेव्हा विद्यार्थी ते भेट देत, अशी त्याची कथा.

मुक्कामाला जुन्या गावात लहान गेस्टहाउस आणि हॉटेले आहेत; स्वस्तात राहायचे तर प्राणिसंग्रहालयाजवळचे युथ हॉस्टेल. रोषणाईच्या रात्री खोल्या लवकर भरतात. स्टेशन जुन्या गावापासून दोन किलोमीटरहून दूर आहे, म्हणून सामान असल्यास बस किंवा ट्राम घ्यावी. फ्रँकफर्ट विमानतळावरून रेल्वेने साधारण तास लागतो.

येथील विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्यांचा अभ्यास केला. त्यासाठी ते वर्षानुवर्षे महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडले.